कांचन, ते भांडण अजून मिटलेलं नाही

कांचन,

तू असतीस तर मला हे लिहू दिलं नसतंस. तुझं नाव आणि तुझ्या आजाराचं नाव एका वाक्यात येऊ नये, एवढी एकच अट तू मला घातली होतीस. एक सकाळ सोडली तर ती मी पाळत आले. आता ती पाळण्यात अर्थ राहिला नाही, कारण कॉलेजात सगळ्यांना कळलं आहे. मेसच्या रांगेत मुली हळू आवाजात ‘सिकल सेल’ म्हणतात आणि मी ताट घेऊन जवळ आले की भाजीबद्दल बोलायला लागतात. तुला याचा केवढा संताप आला असता! “त्या भाजीत बोलासारखं हाय तरी काय वं?” असं म्हणून तू त्यांची रांगच मोडली असतीस.

मी तुझ्याशी तोंडाने कमी बोलले आणि मनात जास्त. तुला ते माहीत होतं. तू म्हणायचीस, “हे पोरगी आतल्या आत भाषन देते अन् भायेर निसतं ‘हं’ म्हनते.” म्हणून आज लिहिते आहे. लिहिताना तरी ‘हं’वर भागत नाही.

नर्सिंग कॉलेजच्या पहिल्या दिवशी बाबा मला कारंज्याहून वाशिमच्या हॉस्टेलवर सोडून गेले आणि मी पलंगाच्या कडेवर बॅग मांडीवर घेऊन बसून राहिले. तू पत्र्याची पेटी ओढत आत आलीस. सोबत ठेच्याची बरणी होती, तिचं झाकण सैल होऊन सगळ्या खोलीत वास पसरला होता. “कोन्या गावची वं तू?” मी सांगितलं. शाळा कोणती, तेही तू विचारलंस. मी इंग्रजी माध्यम म्हणाले आणि तू कपाळावर हात मारून घेतलास. “म्हंजे कॉन्व्हेंटची! मेलो मी.” आपल्याकडे इंग्रजी शाळा म्हटली की कॉन्व्हेंटच. माझ्या शाळेत कधी एक नन फिरकली नव्हती. शाळेच्या मागे पिठाची गिरणी होती आणि आम्ही तिच्या आवाजात प्रार्थना म्हणायचो. पण तुझ्यासाठी त्या क्षणापासून माझं नावच कॉन्व्हेंट झालं. नंतर मॅडमही एकदा हजेरी घेताना चुकून म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. घराबाहेर मला कोणी पहिल्यांदाच टोपणनाव दिलं होतं.

तू मेडशीची. तुमची थोडी सोयाबीन, थोडी तूर, आणि उरलेले दिवस आई दुसऱ्याच्या शेतात. शाळा सगळी मराठीतून. त्यामुळे आपली पुस्तकं, ती जाडजूड इंग्रजी पुस्तकं, तू समोर ठेवून त्यांच्याकडे शेजारच्या भांडखोर बाईकडे पाहावं तसं पाहायचीस. मी तुला एकेक परिच्छेद मराठीत सांगायचे. तू तो लगेच वऱ्हाडीत वळवायचीस आणि मोठ्याने पाठ करायचीस. हृदयाचे कप्पे, झडपा, रक्ताचा मार्ग, सगळं तू असं सांगायचीस की जणू अकोल्याहून वाशिमला एसटी निघाली आहे आणि कुठल्या फाट्यावर कोण चढतं ते तुला तोंडपाठ आहे. परीक्षेत इंग्रजीत उत्तर लिहिताना तुझी वाक्यं मोडायची, पण मार्ग चुकायचा नाही.

बेड मेकिंगचं प्रॅक्टिकल तुला आठवतं का? लॅबमधल्या त्या प्लास्टिकच्या बाईला तू मंदाबाई नाव ठेवलंस. चादरीचे कोपरे नीट दुमडण्याऐवजी तू तिच्या सासरची हकिगत सांगत होतीस. “मंदाबाई, जरा या अंगावर व्हा, तुमच्या सासूबाई आल्या.” मॅडम मागे उभ्या होत्या. मला दिसत होत्या, तुला नाही. मी खुणावत राहिले आणि तू मला म्हणालीस, “काहून डोये मिचकावून राह्यली वं, काही गेलं का डोयात?” मॅडम हसल्या नाहीत. पण त्यांनी सगळ्यांना सांगितलं की पेशंटला हात लावण्याआधी त्याच्याशी बोलायचं असतं, आणि ते या वर्गात फक्त एकीने केलं आहे.

मला ते जमत नव्हतं. वॉर्डात गेलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. मला सगळ्या पायऱ्या पाठ होत्या, फक्त पहिली पायरी, म्हणजे ‘काका, आता कसं वाटतंय’ हे चार शब्द, तेवढे जमायचे नाहीत. मॅडमनी वेदना मोजायची पट्टी शिकवली होती. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. मी एका काकांजवळ गेले आणि पुस्तकातल्यासारखं विचारलं, “दहापैकी किती दुखतं?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “दहापैकी? बाई, माह्या पोटात का मास्तर बसेल हाय मार्क देयाले?” आजूबाजूचे पलंग हसले. मी वहीत मान घातली. तू पलीकडून आलीस. “काका, हे दुखनं घेऊन वावरात जासान का?” “नाई बा.” “पारावर बसून गोष्टी करसान का?” “नाई, गोष्टी बी नाई सुचत.” “चहा देला तं पेसान का?” “चहा पेतो.” तू माझ्याकडे वळलीस. “लिव, सात.”

त्यानंतर आपल्या बॅचच्या निम्म्या मुली तसंच विचारायला लागल्या. मॅडमनी एकदा हटकलं, मग त्यांनीही सोडून दिलं.

तुझ्या बाबतीत मात्र ती पट्टी कधी चालली नाही. तू मोजू द्यायची नाहीस. मी फक्त बघत राहायचे. तेवढंच मला येतं. तू कोजागिरीच्या आधीच स्वेटर काढायचीस. झोपताना पायमोजे घालायचीस. सगळ्याजणी गार पाण्याने आंघोळ उरकायच्या तेव्हा तू मेसच्या मावशींना मस्का लावून बादलीभर कढत पाणी आणायचीस. पाण्याची बाटली तू ड्युटीवरही सोडायची नाहीस, त्यावरून मॅडम रागवायच्या आणि तू म्हणायचीस, “मॅडम, तहान लय लागते, काय करू?” तुझे डोळे कधी कधी पिवळट दिसायचे. मुली म्हणायच्या, कांचनला हळद लागली. तू लाजल्याचं नाटक करायचीस. आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात तुझ्या गोळ्या असायच्या. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून तू पावडर लावतेस असं वाटायचं, आणि गोळी पोटात जायची.

दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकलच्या पुस्तकात ते पान आलं. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्त पुढे जात नाही आणि हाडं ठणकतात. थंडीत वाढतं, पाणी कमी पडलं की वाढतं. आई आणि वडील दोघांकडून आला की तो एसएस, म्हणजे पूर्ण आजार. मी तुला ते पान मराठीत सांगत होते. बोलता बोलता माझा आवाज बारीक झाला. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी पान संपवलं आणि पुढचा धडा काढला. दोन-तीन दिवसांनी कपडे वाळत घालताना तू एकदम विचारलंस.

“तुले समजलं ना?”

“हो.”

“मंग बोलली काहून नाई?”

“तू सांगशील असं वाटलं.”

तू ओढणी पिळत राहिलीस. मग म्हणालीस, “तू लय भारी हायस वं, कॉन्व्हेंट. दुसरी असती तं आतालोक मले कुशीत घेऊन रडली असती.” आणि अट घातलीस. मॅडमना नाही, वॉर्डनला नाही, कोणालाच नाही.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

मी म्हणायचे, मॅडमना सांग. अ‍ॅडमिशनच्या वेळी कोणी नीट विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस, ठीक आहे. पण आता सांग. हिवाळ्यात सलग उभं राहायच्या ड्युट्या बदलून मिळतील. बाटली जवळ ठेवली तर कोणी बोलणार नाही. आणि कधी अचानक काही झालं तर त्यांना काय करायचं ते माहीत असेल. माझं सगळं बरोबर होतं. पुस्तकात होतं तसंच होतं. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, “सांगतलं का मी पेशंट होतो. मले सिस्टर व्हाचं हाय.”

तू असं का म्हणतेस ते मला एका सकाळी फिमेल वॉर्डात कळलं. तिथे एक बाई होती, तिलाही तुझाच आजार. दोन्ही पाय पोटाशी घेऊन पडलेली आणि सारखी सुई मागत होती. ड्युटीवरच्या सिस्टर दमलेल्या होत्या, वॉर्ड भरलेला होता. त्या सहज म्हणाल्या, “हिचं नेहमीचं आहे. रडत नाही काही नाही, आणि म्हणे सहन होत नाही. नाटकं नुसती.” त्यांच्या मनात वाईट नव्हतं असं मला आजही वाटतं. आपल्याला शिकवलेलंच असतं की वेदना चेहऱ्यावर दिसते. नाडी वाढते, कपाळाला आठ्या पडतात, पेशंट ओरडतो. पण जिला लहानपणापासून दर हिवाळ्यात दुखत आलं आहे, ती आठ्या किती वेळा पाडणार? तिचा चेहरा कधीच शिकून गेलेला असतो. हे मी त्या बाईकडे पाहून शिकले नाही, तुझ्याकडे पाहून शिकले. तू त्या वेळी ट्रे घेऊन उभी होतीस. ट्रे ठेवलास, तिच्या पलंगापाशी गेलीस आणि तिचे पाय चोळत बसलीस. खोलीवर आल्यावर मला म्हणालीस, “ऐकलं ना? मले नाटकी म्हनलेलं चालत नाई. आळशी म्हना, तोंडाळ म्हना, पन ते नाई.”

त्याच आठवड्यात एका दुपारी तुला जोरात दुखायला लागलं. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस आणि आईचा फोन आला. तू उठून बसलीस आणि खळखळून हसत बोललीस. शेजारची म्हैस व्यायली का, तूर कशी आहे, मामाच्या पोरीचं लग्न जमलं का. फोन ठेवलास आणि उशीचा कोपरा दातात धरलास. मी विचारलं, “चहा आणू?” तू मान हलवून नाही म्हणालीस. मी गरम पाण्याची पिशवी आणली, तुझ्या गोळ्या काढून दिल्या आणि म्हणाले, “मी आता मॅडमकडे चालले.” तू माझ्या हाताचं मनगट असं धरलंस की वळ उठला. मी गेले नाही. संध्याकाळपर्यंत उतरलं आणि दुसऱ्या दिवशी तू ड्युटीवर माझ्याआधी तयार होतीस.

तिसऱ्या वर्षी कम्युनिटी पोस्टिंगला आपण आसेगावला जात होतो. घरोघरी फिरायचं, घरात माणसं किती ते विचारायचं, बाळांची वजनं घ्यायची. त्या एका घरात ओसरीवर एक नवी सून बाजेवर पडलेली होती, तुझ्या-माझ्याच वयाची. सासू सूप घेऊन तूर पाखडत होती आणि पाखडता पाखडता बोलत होती.

“थंडी पडली का हिचं असंच. वावरात जायाचं नाव काढलं का पाय दुखते. दवाखान्यात म्हनते रगताचा आजार हाय. रगताचा आजार तं मानूस पांढरं पडते ना वं बाई? हे तं चांगली धडधाकट हाय.”

सुनेने तोंडावर पदर ओढून घेतला. मी वहीत बघितलं. माझ्याकडे द्यायला माहिती भरपूर होती आणि बोलायला एक शब्द नव्हता. तू बाजेच्या कडेवर बसलीस, सुनेच्या पायावर हात ठेवलास आणि सासूला म्हणालीस, “मावशी, मले बी हाय.”

सूप थांबलं.

“काय?”

“हेच. रगताचं. जलमापासून.”

“तुले? तू तं नर्स हायस.”

“हो ना. नर्स हाय अन् मले हाय. काल रातभर मांड्या ठनकत होत्या. आज तुमच्या गावात आलो. उद्या नाई उठलो तं नाई उठलो. तवा मले बी असंच पडून राहा लागते. नाटक नसते ते, मावशी. हाडात कोनी गिरमिट फिरवते तसं असते.”

सासू उठून आत गेली आणि चुलीवर पाणी ठेवलं. “पाय शेकाले,” एवढंच म्हणाली. सुनेने पदर बाजूला केला होता आणि ती तुझ्याकडे अशी बघत होती, की मी तिकडे फार वेळ पाहू शकले नाही.

परतीच्या एसटीत मी तुझ्याशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज इतका चढला की कंडक्टरने वळून पाहिलं. “अनोळखी बाईला सांगितलंस. मग मॅडमना सांगायला काय होतं?”

“तिले गरज होती.”

“आणि तुला नाही?”

“मले कायची गरज?”

“विश्वास ठेवणाऱ्या माणसाची.”

“तू हायस ना.”

“मी एकटी पुरत नाही, कांचन.”

तू हसलीस. माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणालीस, “पुरते. परीक्षा होऊ दे. सर्टिफिकेट हातात पडू दे. मंग सगळ्याईले सांगतो, भोंगा लावून. तवालोक भांडू नको.” आणि तू झोपलीस, किंवा झोपल्यासारखं केलंस. माझं उत्तर तयार होतं. ते मी पुढच्या वेळेसाठी ठेवलं.

मग ती थंडीची सकाळ. तुला रात्रीपासून ताप होता आणि तू सर्दी म्हणत होतीस. सकाळी तू आरशासमोर उभी राहिलीस आणि केस विंचरायला हात वर गेला नाही. छातीत दुखतं म्हणालीस. श्वास तुटत होता. मी या वेळी तुझं ऐकलं नाही, वॉर्डनला उठवलं, मॅडमना फोन केला. रिक्षातून आपण त्याच दवाखान्यात गेलो जिथे रोज ड्युटीला जायचो. फक्त तू स्ट्रेचरवर होतीस आणि अंगात गणवेश नव्हता.

अपघात विभागात डॉक्टरांनी विचारलं, “आधीचा काही आजार?” मॅडम म्हणाल्या, “नाही, तशी हुशार, धडधाकट मुलगी आहे.” तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, पण श्वास पुरला नाही. सगळे तुझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “सिकल सेल आहे. एसएस. लहानपणापासून. कालपासून ताप, आज छातीत दुखणं आणि धाप. गोळी रोज चालू आहे.” वॉर्डात ज्या मुलीला चार शब्द बोलता येत नव्हते, तिने पेशंटची सगळी हकिगत न अडखळता सांगितली. मॅडमनी वळून आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. तुझे डोळे माझ्यावर होते. ते मी अजून वाचते आहे.

अकोल्याला रेफर केलं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी आणि मॅडम तुझ्यासोबत होतो. मेडशी वाटेतच लागतं. तुझी आई फाट्यावर उभी होती, हातात कापडी पिशवी, पायात शेतातल्याच चपला. आत मॅडमशिवाय एकीचीच जागा होती, म्हणून मला उतरावं लागणार होतं. मी तुझं पांघरूण नीट करत होते तेव्हा तू मास्क थोडा बाजूला केलास आणि म्हणालीस,

“सांगतलंच ना तू.”

मी म्हणाले, “हो.”

मग आई आत चढली, दार लागलं आणि गाडी पातूरच्या रस्त्याला लागली. मी फाट्यावर उभी राहिले. तुझ्या गावात मी त्याआधी कधी आले नव्हते. दिवाळीत ये, हुरड्याला ये, असं तू किती वेळा म्हणाली होतीस. वाशिमची एसटी येईपर्यंत मी तुझं गाव पाहत उभी होते.

अकोल्यात डॉक्टरांनी शक्य ते सगळं केलं, असं मॅडम सांगतात. फोन आला तेव्हा मी लेबर रूमच्या ड्युटीवर होते. एका बाईचं बाळ नुकतंच रडलं होतं. मला हातमोजे काढायचं सुचेना. सिस्टरनी काढले.

“सांगतलंच ना तू.” ही तक्रार होती का, कांचन? की तुला सुटल्यासारखं झालं होतं? तू हसली असतीस तर मला कळलं असतं, चिडली असतीस तरी कळलं असतं. पण धापेत सगळे सूर सारखेच येतात. त्या सकाळी सांगायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा सांगेन. तरी तुझ्या तोंडचं शेवटचं वाक्य माझ्यावर आहे, आणि त्याचा अर्थ तू सोबत घेऊन गेलीस.

शोकसभेत मॅडम बोलल्या. म्हणाल्या, “एवढा मोठा आजार, पण पोरीने कधी कळू दिलं नाही. केवढा धीर.” सगळ्या रडत होत्या. मी रडत नव्हते. मला उठून सांगायचं होतं की धीर तो नव्हता. धीर मी आसेगावच्या ओसरीवर पाहिला आहे. कळू न देणं हा धीर नाही, ती भीती होती, आणि ती तिला आपणच घातली होती, फिमेल वॉर्डातल्या त्या बाईच्या दुखण्याला तिच्यासमोर ‘नाटकं’ म्हणून. पण मॅडमना पुढे बोलवेना. खुर्चीची पाठ धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

तुझी आई पेटी न्यायला आली होती. मी कपड्यांच्या घड्या करून देत होते. तिने विचारलं, “तिले इथी लय तरास होये काय वं? मले फोनवर तं हासत राहे.”

मी खोटं बोलू शकले असते. “व्हायचा, मावशी. पण तिने ड्युटी चुकवली नाही.”

ती खाली बसली. “मले माईत होतं. ते जास्त हासली का मी समजो. मंग मी बी हासो फोनवर. ठेवल्यावर रडो.” थोड्या वेळाने तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तू लिवतं ना वं? ते सांगे, लिवते म्हने. मंग लिव तिच्यावर. लपून कायले ठेवा लागते आता.”

तू सगळं पेटीत भरून गेलीस असं वाटत होतं. पण तुझं काम संपलं नव्हतं. मागच्या आठवड्यात एका दुपारी पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली. मानोऱ्याकडची आहे. तिचं नाव मी लिहीत नाही, ते तिचं तिने ठरवावं. बराच वेळ ती दाराच्या कडीशी चाळा करत होती. मग म्हणाली, “ताई, कांचनताईले जे होतं ते मले बी हाय.”

मी तिला बसवलं. तिने विचारलं, “मॅडमले सांगू का?”

आणि पाहा, ज्या उत्तरासाठी मी तुझ्याशी भांडले, ते माझ्या तोंडून निघेना. मी तिला आधी तुझी बाजू सांगितली. जशी तू मांडायचीस तशीच, काही न वगळता. मग माझी सांगितली. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तुमी येता काय संग?”

आम्ही मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. ती बोलेना. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी ठरवलं होतं की या वेळी दुसऱ्याचं मी सांगायचं नाही. मी नुसती तिच्याजवळ उभी राहिले. मग तिने सांगितलं. एका दमात, जमिनीकडे बघत.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. टेबलाला वळसा घालून आल्या, स्वतःची खुर्ची ओढून तिला बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. औषध कोणतं चालू आहे, मागचं दुखणं कधी आलं होतं, घरी आणखी कोणाला आहे, सगळं हळू आवाजात विचारलं. मग म्हणाल्या, “हिवाळ्यातल्या ड्युट्या बदलून देऊ?”

“नको मॅडम. ड्युटी सारी करतो मी. फकस्त तुमाले माईत असू द्या.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “मला माहीत आहे.”

तुला एवढंच तर हवं होतं. पेशंट न होता कोणाला तरी माहीत असणं. मॅडम तुझंही असंच ऐकत बसल्या असत्या का? रोज रात्री मी ते ठरवायला बघते. ऐकलं असतं, तर मी बरोबर होते आणि तू आज माझ्या शेजारी परीक्षेचे फॉर्म भरत असतीस. ऐकलं नसतं, तर तू बरोबर होतीस, आणि ती खुर्ची त्या मुलीपर्यंत तू गेल्यामुळे सरकली. मला यातलं काहीच जिंकायचं नाही. मला तू समोर हवी आहेस, चढ्या आवाजाची, एकही मुद्दा न सोडणारी.

केबिनच्या बाहेर आल्यावर त्या मुलीचा चेहरा मोकळा झाला होता. व्हरांड्यात ती माझ्यासोबत चालत होती आणि जवळजवळ हसत होती.

“ताई, सोपंच होतं वं हे. मी उगीच भेत होती.”

मी तिला हो म्हणाले.